अब्राहाम सरांचं काहून

श्रद्धेची खरी परीक्षा संकटातच होते. हे वाक्य मी आजवर पुष्कळदा ऐकलं आहे, आणि ते बोलणाऱ्याच्या गळ्यात त्या वेळी बहुधा हार असतो. ज्याच्यावर संकट आलेलं असतं त्याच्या तोंडून ते कधी ऐकलेलं नाही. तो औषधाच्या दुकानापुढे उभा असतो आणि डॉक्टरचं अक्षर दुकानदाराला लागतंय का ते बघत असतो.

माझे शेजारी अब्राहाम सर यांच्यावर संकट आलं तेव्हा हे वाक्य त्यांना दिवसातून चार जण ऐकवून जात. सर शांतपणे ऐकून घेत, आणि मग विचारत, ‘काहून?’

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, काहून म्हणजे का. पण पुण्याच्या ‘का’ला उत्तर दिलं नाही तरी चालतं. आमचं ‘काहून’ विचारणारा माणूस उत्तर मिळेपर्यंत दारातून हलत नाही.

आमचे पूर्वज भोसल्यांच्या दफ्तरात कारकुनीला आले, आणि तेव्हापासून आम्ही कुठल्या ना कुठल्या दफ्तरात लिहीतच आहोत. मी निवृत्त झालो आणि महाल वस्तीतली जागा सोडून सदर भागातल्या एका मागच्या गल्लीत राहायला आलो. तिथे आमच्या आणि सरांच्या घरात कमरेएवढी भिंत होती. ती ओलांडून भाजी, पेपर आणि वाद यांची ये-जा चाले.

सर उंच, काटकुळे. मिशनच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. आठवडाभर नद्या शिकवायच्या आणि रविवारी चर्चच्या मुलांना बायबलात समुद्र दुभंगल्याचं सांगायचं, असं त्यांचं वेळापत्रक. निवृत्तीनंतर नद्या सुटल्या, समुद्र राहिला. उन्हाळ्यात ते शर्टाच्या खिशात कांदा ठेवून बाहेर पडत. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे पुष्कळ जण ठेवतात, पण सरांनी त्याचं धर्मशास्त्र केलं होतं. ‘विश्वास देवावर, कांदा खिशात,’ ते म्हणत. विमा, हेल्मेट, उकळलेलं पाणी, सगळ्याला ते कांदाच म्हणत. गल्लीतलं एखादं पोट्टं हेल्मेटशिवाय गाडी काढताना दिसलं की सर फाटकातून ओरडत, ‘कांदा कुठंय गा?’ नव्या माणसाला वाटे, म्हातारा भाजी मागतोय.

त्यांचे वडील खेडोपाडी सुवार्ता सांगत फिरत. त्यांनी मुलांची नावं बायबलच्या जुन्या कराराच्या पहिल्याच पुस्तकातून उचलली. सर थोरले म्हणून अब्राहाम. सरांनी मात्र एकुलत्या एका मुलाचं नाव ठेवलं राजेश. इसहाक का नाही ठेवलं, असं मी एकदा विचारलं. ज्यांना ही गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी, इसहाक हा त्या मूळ अब्राहामाचा म्हातारपणी झालेला मुलगा, आणि देवाने त्याचाच बळी मागितला होता.

‘बक्षीजी,’ सर म्हणाले, ‘माझं नाव अब्राहाम. त्यात पोट्ट्याचं नाव इसहाक ठेवलं, म्हणजे वरच्याले आठवण करून दिल्यासारखं होते.’

म्हणजे राजेश हे नाव नव्हतं, कांदा होता.

चर्चचा हॉल लग्नसराईत भाड्याने जाई, त्यामुळे मुलांचा रविवारचा वर्ग बरेचदा सरांच्या ओसरीत भरे. भिंतीअलीकडे मी पेपर धरून बसलेला असे. पेपर वाचत नसे. जुन्या कराराचं माझं सगळं शिक्षण असं भिंतीवरून झालेलं आहे.

मुलांना दिलेल्या छापील पुस्तकात प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य असे, आणि तात्पर्य बहुतेक एकच असे: विश्वास ठेवा, फळ मिळेल. सर गोष्ट पूर्ण वाचत, पुस्तकाने गाळलेलं मूळ ग्रंथातून भरून काढत, आणि तात्पर्यापाशी आले की म्हणत, ‘हे झालं पुस्तकाचं. आता तुमचं काहून काय आहे?’ ज्याच्याकडे काहून नाही त्याला खाऊ शेवटी मिळे.

जगबुडीत तरलेल्या नोहाच्या जहाजाच्या चित्रात जिराफ हसत होता. सरांनी मुलांना सांगितलं की जहाज सगळेच काढतात, तुम्ही पाण्याखालचं काढा. मुलांनी मनापासून काढलं. कोणी घरं काढली, कोणी गाई काढल्या. एका मुलीने पाळणा काढला. चित्रं घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी विल्सनभाऊ आले.

विल्सनभाऊ म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळाचे मुख्य. गांधीबागेत कापडाची दलाली करत. आवाज असा की प्रार्थनेला उभे राहिले तरी गठ्ठा विकायला काढल्यासारखं वाटे. तक्रार अशी होती की मुलं घाबरतात. सर म्हणाले, घाबरायचंच आहे ते, मीही घाबरतो. विल्सनभाऊ म्हणाले, थोडं कमी सांगत जा. सर म्हणाले, ‘लिहिलंय तेवढंच सांगितलं, विल्सनभाऊ. कमी करायचं असन तर वरून परवानगी आणा. माझ्या हातात नाही.’

विल्सनभाऊंना परवानगी कुठून आणायची ते सुचलं नाही. ते चहा पिऊन गेले.

दुसरं प्रकरण अस्वलांचं. अलीशा नावाचा संदेष्टा रस्त्याने चालला होता, पोरांनी त्याला टकल्या म्हणून चिडवलं. त्याने शाप दिला आणि रानातून दोन अस्वलिणी येऊन त्यांनी पोरांना फाडलं. हे लिहिलेलं आहे. छापील पुस्तकात अर्थात नव्हतं. सरांनी सांगितलं, आणि नेमके त्या रविवारी चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, वर्ग कसा चाललाय ते पाहायला आले. पाळकसाहेब चांगले माणूस होते, पण डोक्यावर केस नावालाही नव्हता. ओसरीत जी शांतता पसरली ती मला भिंतीपलीकडून ऐकू आली. मग एका पोराने अतिशय आदराने विचारलं, ‘सर, रामटेकच्या जंगलात अस्वलं आहेत ना?’

‘आहेत,’ सर म्हणाले. ‘पण ते आता कोणाचं ऐकत नाहीत.’

पाळकसाहेबही हसले. त्यांचा हा गुण सर नेहमी मान्य करत.

अशा गोष्टींवर सरांचा राग नव्हता. राग असता तर माणूस वाचायचं सोडून देतो. सर रोज पहाटे वाचत, आणि कोणी त्या ग्रंथाची टवाळी केली तर त्याला फाटकापर्यंत पोचवून येत. मीच एकदा म्हणालो की तुमचा देव जरा तापटच दिसतो. त्यावर त्यांनी उज्जाची गोष्ट सांगितली. देवाच्या कराराचा कोश, म्हणजे पवित्र पेटी, बैलगाडीवरून चालला होता, बैल ठेचाळले, कोश पडेल म्हणून उज्जाने हात लावला आणि तो जागच्या जागी मेला. ‘आपल्याकडे याले मदत म्हणतात,’ सर म्हणाले. मी म्हटलं, मग तुम्ही यावर विश्वास कसा ठेवता? ते म्हणाले, ‘बक्षीजी, ज्याच्याशी भांडण आहे तो घरात आहे असंच समजून आपण भांडतो ना? रिकाम्या घरापुढं कोण ओरडते?’ मी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

त्यांच्या पत्नी सरोजवहिनी या वादांत सहसा पडत नसत. पडल्या तर वाद संपे. एकदा ईयोबाची गोष्ट चालली होती. देवाने परीक्षा पाहायची म्हणून त्याची गुरंढोरं नेली, दहा मुलं मारली, आणि तो डगमगला नाही म्हणून शेवटी सगळं परत दिलं. गुरं दुप्पट, मुलं पुन्हा दहा. सर म्हणत होते की बघा, गुरं दुप्पट झाली पण मुलं तेवढीच. लिहिणाऱ्याला कळत होतं की मेलेलं पोर बदलून मिळत नाही. वहिनी शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘ईयोबाची परीक्षा झाली, बक्षीस ईयोबाले भेटलं. अन् त्याच्या बायकोले? पुन्हा दहा बाळंतपणं. तिले कोणी विचारलं का, बाई, बक्षीस पाहिजे का म्हणून?’

सरांनी ग्रंथ उघडून ते पान पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, ‘हे मी पन्नास वेळा वाचलं वं. मले दिसलं नाही.’

‘तुम्ही कुठं बाळंत झाले?’ वहिनी म्हणाल्या आणि शेंगा घेऊन आत गेल्या.

मात्र खरा घोर सरांना एकाच गोष्टीचा होता, आणि ती त्यांच्याच नावाची. मोरियाच्या डोंगराची. देवाने अब्राहामाला सांगितलं, तुझ्या लाडक्या मुलाला डोंगरावर ने आणि त्याचा होम कर. अब्राहाम पहाटे उठला, लाकडं फोडली, मुलाला घेऊन निघाला. तिसऱ्या दिवशी डोंगर दिसला. वर गेल्यावर मुलाला बांधलं, सुरी उचलली, तेव्हा वरून आवाज आला की थांब, कळला तुझा विश्वास. झुडपात एक एडका शिंगं अडकून उभा होता, त्याचा बळी दिला. आणि अब्राहामाला फळ मिळालं: तुझी संतती आकाशातल्या ताऱ्यांएवढी होईल.

एडका म्हणजे मेंढा हे वर्गात कोणाला ठाऊक नसे, म्हणून सरांनी फार पूर्वीच त्याचा बोकड करून टाकला होता. ते भूगोलाच्या मास्तरासारखे सांगत. तीन दिवसांची चाल म्हणजे इथून पायी रामटेकला जायचं आणि परत यायचं. ‘एवढ्या वाटेत त्यानं एकदाही विचारलं नाही, काहून. हाच माणूस आधी सदोम गाव वाचावं म्हणून देवाशी घासाघीस करून राहिला होता. पन्नास चांगले लोक असतील तर? चाळीस असतील तर? दहा? सीताबर्डीवर बाई भाव करते तसा. परक्या गावासाठी एवढं बोलला अन् पोट्ट्यासाठी तोंड उघडलं नाही.’

आणि मग एक बारीक गोष्ट, जी ते दरवर्षी सांगत आणि दरवर्षी सांगताना चष्मा पुसत. बळी झाल्यावर अब्राहाम डोंगरावरून परतला असं लिहिलं आहे. मुलगा परतला असं लिहिलेलं नाही. तो जिवंत आहे, पुढे त्याचं लग्नही होतं, पण त्या ओळीत तो नाही. ‘बाप एकटाच उतरला. पोट्टा वाचला, पण बापासोबत उतरला नाही.’

एका मुलीने विचारलं होतं, बोकडाचं काय झालं. सर खूश झाले. त्यांच्या मते त्या वर्षीचं ते सगळ्यात चांगलं काहून होतं. ‘परीक्षेले बसले बापलेक,’ ते म्हणाले, ‘अन् नापास झाला बोकड, ज्यानं फॉर्मच भरला नव्हता.’

राजेश खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला. तिथल्याच वसाहतीत बायको आणि मुलीबरोबर राहायचा, दर शनिवारी आईबापांकडे यायचा. बापाची उंची आणि आईचं कमी बोलणं त्याने घेतलं होतं. एका शनिवारी तो आला तेव्हा वहिनींना त्याच्या गळ्याशी गाठ दिसली. त्याने ती दोन महिन्यांपासून पाहिली होती आणि कॉलरची गुंडी लावून घेतली होती. डॉक्टर म्हणाले, काढावी लागेल, काढून तपासायला पाठवू, मग बोलू. डॉक्टर ‘मग बोलू’ म्हणाला की घरातलं बोलणं थांबतं. पलीकडच्या घरातून काही दिवस भांड्यांचाच आवाज येई.

आणि मग माणसं यायला लागली.

सगळ्यांना एकदम आठवलं की सरांचं नाव अब्राहाम आहे. विल्सनभाऊ आले आणि म्हणाले, देव नाव पाहून परीक्षा घेतो. महिला मंडळ आलं, गाणी म्हणून गेलं. आमच्या बाजूचे लोकही मागे नव्हते. माझ्या चुलतभावाने प्रारब्ध समजावून सांगितलं, माझ्या बायकोने टेकडीच्या गणपतीचा प्रसाद आणला, गल्लीतल्या एकाने ताजबागेच्या दर्ग्यातून आणला. सर सगळ्यांचा प्रसाद खात. म्हणत, दुवा कोणाची लागू पडन सांगता येत नाही, औषधासारखं आहे. परंतु उपदेश कोणाचाच घेत नसत.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी पाळकसाहेब आले. त्यांनी मोरियाचाच अध्याय काढला. मी भिंतीपाशी होतो, सरांनीच मला आत बोलावून घेतलं. वाचून झाल्यावर पाळकसाहेब म्हणाले, ‘सर, तुमच्या विश्वासाची ही परीक्षा आहे. पास झालात की फळ मिळेल.’

‘काहून पण?’ सर म्हणाले.

‘म्हणजे?’

‘परीक्षा काहून? माझा विश्वास किती आहे ते पाहायले? त्याले माहीत नाही का? तो सर्वज्ञ आहे म्हणून मी पोट्ट्यांकडून पाठ करून घेतलं.’

पाळकसाहेबांनी ग्रंथ मिटला. सर पुढे म्हणाले, आणि आवाज चढला नव्हता, ‘माझी परीक्षा असन तर माझ्या गळ्याले गाठ यावी. राजेशच्या काहून? तो बोकड आहे का?’

राजेश तिथेच बसला होता. तो म्हणाला, ‘बाबा, जेवून घ्या आता.’

दुसऱ्या दिवशी मी माझी गाडी काढली. धंतोलीतलं हॉस्पिटल, वरच्या मजल्यावर शस्त्रक्रिया, बाहेर लोखंडी खुर्च्या. वहिनी आणि सून एका कोपऱ्यात डोळे मिटून बसल्या. आमच्या शेजारी रामटेककडचे एक धानाची शेती करणारे गृहस्थ होते, धनराजभाऊ. त्यांच्या बायकोची तशीच गाठ, तीच वेळ, आत पलीकडचं टेबल. रामाच्या गडावर जाऊन आले होते. त्यांनी सरांना नाव विचारलं. सरांनी सांगितलं. धनराजभाऊंना ते आबाराम असं ऐकू आलं.

‘आबाराम,’ ते खूश होऊन म्हणाले. ‘म्हणजे नावातच राम आहे तुमच्या. काही नाही होत पोट्ट्याले.’ आणि त्यांनी पुडीतून गडावरचा प्रसाद काढून सरांच्या हातावर ठेवला.

चूक दुरुस्त करायची सरांची जन्माची सवय. त्या दिवशी केली नाही. उरलेला सगळा वेळ ते आबारामजी होते.

बराच वेळ गेल्यावर माझ्या लक्षात आलं की सर खिशात हात घालून काहीतरी करताहेत. कांदा होता. ऑक्टोबर सरत आला होता, बाहेर ढग होते, आणि ऊन लागण्याचा प्रश्नच नव्हता. तरी कांदा आणला होता आणि ते तो नखांनी सोलत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नर्स येऊन म्हणाली, आजोबा, इथे कांदा नाही चालत. सर म्हणाले, ‘हो ताई, त्याच्यानंच पाणी येऊन राहिलं.’ पण कांदा ठेवल्यावरही ते बराच वेळ येत होतं.

मग ते मला म्हणाले, ‘मी रात्री विचारलं, बक्षीजी.’

‘कोणाला?’

‘वरच्याले. काहून म्हणून. सगळं विचारलं. जोरात.’

मी विचारलं, उत्तर आलं का? मला थट्टा करायची नव्हती, पण दुसरं काही सुचलं नाही.

‘नाही. पण थोरल्या अब्राहामानं विचारलं नव्हतं. मी विचारलं. पोट्ट्यासाठी बाप तोंड उघडून भांडला, एवढं तरी वर माहीत असावं.’

शस्त्रक्रिया नीट झाली. तपासणीचा अहवाल यायला वेळ होता. ते दिवस मी वर्णन करत नाही. ज्यांनी असे काढले आहेत त्यांना गरज नाही, आणि बाकीच्यांना कळणार नाही.

अहवालाच्या दिवशी पुन्हा माझी गाडी. वहिनी घरीच थांबल्या, म्हणाल्या मले जिना चढवणार नाही. डॉक्टरांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद होती. राजेश आणि सर जिन्याने वर गेले. मी खाली पहारेकऱ्याशेजारी उभा राहिलो. तो मला गाडी मागे घ्या म्हणून सांगत होता आणि मी हो हो म्हणत होतो.

जिन्यावर पावलं वाजली. मी मोजमाप करणारा माणूस नाही, तरी कान लावून ऐकलं, एकाची आहेत का दोघांची. आधी राजेशच्या चपला दिसल्या, गळ्याला पट्टी, हातात लिफाफा. त्याच्या खांद्यावर मागून सरांचा हात. सर एकेक पायरी उतरत होते, आणि शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

‘बक्षीजी,’ ते म्हणाले, ‘दोघं उतरलो.’

गाठ साधी होती. पुन्हा येऊन दाखवायचीही गरज नव्हती. पहारेकऱ्याला मी एवढ्या आनंदाने नमस्कार केला की तो गाडीचं विसरला.

त्या संध्याकाळी सगळे परत आले, या वेळी पेढे घेऊन. विल्सनभाऊ म्हणाले, पाहा, विश्वासाचं फळ. माझा चुलतभाऊ म्हणाला, प्रारब्ध चांगलं. बायको म्हणाली, टेकडीचा गणपती पावतोच. सरांनी सगळ्यांचे पेढे खाल्ले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते पोटभर जेवले आणि खुर्चीतच घोरायला लागले.

पण प्रकरण संपलं नव्हतं. वहिनींनी हॉस्पिटलच्या त्या कोपऱ्यात डोळे मिटून एक काम केलं होतं. नवस बोलल्या होत्या. पोरगा सुखरूप घरी आला तर हंगामाच्या सणाला बोकड देईन.

हंगामाचा सण म्हणजे पीक निघाल्यावर चर्चमध्ये लोक घरचं काही ना काही आणून देतात: धान, भोपळे, अंडी, कोंबड्या. मग तिथेच त्याचा लिलाव होतो. बोकड असला की तो बहुधा विल्सनभाऊ घेतात आणि परत चर्चला देतात, आणि दुपारी सगळ्यांचं प्रीतिभोजन होतं. विल्सनभाऊंचं औदार्य आणि त्या मटणाचा सावजी मसाला, दोन्ही प्रसिद्ध.

सर नवसाचं ऐकून उभेच राहिले. नवस हा प्रकार त्यांना इफ्ताहामुळे खपत नसे. हा इफ्ताह लढाईला जाताना बोलला होता की जिंकलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते अर्पण करीन. जिंकला, आणि सामोरी आली मुलगी.

‘इफ्ताहाची पोट्टी विसरली का वं?’ सर म्हणाले.

‘नाही विसरले,’ वहिनी म्हणाल्या. ‘म्हणूनच नाव घेऊन बोकड म्हणाले. त्याच्यासारखं मोघम नाही बोलले.’

यात खोट काढायला जागा नव्हती. बोकड आला. कामठी रोडवरून आणलेला, काळा, कपाळावर पांढरा ठिपका, आणि कोणाच्याही डोळ्याला डोळा भिडवून बघणारा. सणापर्यंत तो ओसरीच्या खांबाला होता. सर त्याच्याशी बोलत नसत. त्याच्यासमोर खुर्ची टाकून पेपर वाचत.

सणाच्या दिवशी मीही गेलो. पाळकसाहेबांनी उपदेशात मोरियाचा उल्लेख केला नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. मग त्यांनी सरांना साक्ष द्यायला बोलावलं. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. लोकांनी रुमाल काढून ठेवले होते. चर्चमध्ये उभे राहिले की सर नेहमी पुस्तकी मराठी बोलत. तसंच बोलले.

‘राजेशची गाठ साधी निघाली. मला फार हलकं वाटलं. माझ्या विश्वासाचं फळ म्हणून हे झालं, असं मला म्हणता येत नाही. पलीकडच्या टेबलावर रामटेकच्या एक बाई होत्या. त्यांच्या नवऱ्याचा विश्वास माझ्यापेक्षा मोठा होता, त्यातला थोडा त्यांनी मलाही खायला दिला. त्या बाईंना अजून औषधं चालू आहेत. त्यांच्यासाठी प्रार्थना करा. आमचा राजेश काहून वाचला ते मला माहीत नाही. विचारतो आहे. आमेन.’

काही क्षण कोणालाच कळेना की हे झालं का. मग मागच्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली, ‘आमेन, बाबा,’ आणि सगळे म्हणाले.

लिलावात भोपळे गेले, कोंबड्या गेल्या, आणि शेवटी काळा बोकड पुढे आला. विल्सनभाऊंनी बोली लावली. मागून सरांनी वाढवली. विल्सनभाऊंना वाटलं चुकून झालं; त्यांनी पुन्हा वाढवली. सरांनी पुन्हा. लोक मागे वळून बघायला लागले. विल्सनभाऊंचा गांधीबागेतला आवाज चढला, सरांचा वर्गातला. शेवटी लिलाव बोलणारा न राहवून म्हणाला, ‘अहो सर, तुमचाच बोकड आहे तो.’

‘म्हणूनच,’ सर म्हणाले.

हॉलमध्ये हशा पिकला. त्यात विल्सनभाऊ सगळ्यात मोठ्याने हसले आणि त्यांनी बोली सोडली. त्या दिवशी प्रीतिभोजनाला भोपळ्याची भाजी होती. वहिनींचा नवस फिटला, कारण दिलेलं दिलं होतं. सरांचं समाधान झालं, कारण बोकड दोराला धरून घरी आला. येताना एका सावजी भोजनालयावरून यावं लागलं. सरांनी त्याला रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने आणला.

पुढे धनराजभाऊंच्या बायकोचे उपचार लांबले. सर अधूनमधून बसने रामटेकला जाऊन बसून येत. तिथे त्यांना आबारामजी म्हणूनच ओळखतात. त्या बाई आता बऱ्या आहेत, आणि नवीन तांदूळ निघाला की एक पोतं येई, त्यातलं निम्मं भिंतीवरून आमच्याकडे.

गेल्या वर्षी राजेशने आईबापांना खापरखेड्याला न्यायचं ठरवलं. आता एकटं राहणं नको. सर फारसं बोलले नाहीत, त्यावरून त्यांच्याही मनात होतं हे कळलं. सकाळी टेम्पो आला. कपाट, कूलर, पुस्तकांची खोकी चढली. वहिनी माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडल्या आणि लगेच डोळे पुसून टेम्पोवाल्याला दोर नीट बांधायला सांगायला गेल्या. सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. शर्टाच्या खिशाला फुगवटा होता. मागे कूलर आणि कपाटाच्या मध्ये बोकड उभा होता, आता चांगला दांडगा, दाढी आलेला, आणि तसाच डोळ्याला डोळा भिडवून बघत होता.

मी सरांना म्हटलं, आता तिकडेही मुलांचा वर्ग सुरू करा. ते म्हणाले, करतो, काहून नाही करणार? मग खिडकीतून मान बाहेर काढून त्यांनी मागे हाक मारली, ‘इसहाक, नीट उभा राह्य गा.’

तेव्हा मला त्याचं नाव कळलं. टेम्पो वळणावरून गेला आणि मी फाटक लावायला मागे वळलो, तर लक्षात आलं की सामान चढवायच्या गडबडीत इसहाकने भिंतीवरून मान घालून आमची तुळस मुळापर्यंत खाल्ली होती.